तिकीट काढण्यापूर्वी: सुपरहिरोपटांविषयी बडोद्याच्या वाचकांचे प्रश्न

जुने तीसेक चित्रपट आणि मालिका पाहिल्याशिवाय नवं काही कळणार नाही, असं मुलगा म्हणतो. त्याच्याबरोबर बसायचं तर सुरुवात कुठून करू? (दांडिया बाजार)

२०२५च्या चार मोठ्या चित्रपटांपैकी दोन कोऱ्या पाटीने बघता येतात. दिग्दर्शक जेम्स गनचा ‘सुपरमॅन’ सुरुवातीच्या काही ओळींतच हिशेब मांडतो: तीन शतकांपूर्वी काय झालं, तीन दशकांपूर्वी, तीन वर्षांपूर्वी, असं करत तीन मिनिटांपूर्वीपर्यंत येतो आणि हरलेला नायक थेट बर्फात आपटतो. ग्रहाचा स्फोट, शेतावरचं बालपण हे दळण पुन्हा दळलेलं नाही, हे फार बरं झालं. ‘द फँटास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’ तर निराळ्याच पृथ्वीवर घडतो, त्यामुळे मागचं काहीच आठवावं लागत नाही.

‘थंडरबोल्ट्स’आधी ‘ब्लॅक विडो’ (२०२१) पाहून घ्या, म्हणजे येलेना आणि तिचा तो बडबड्या बाप कोण ते कळेल.

‘कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ सर्वांत शेवटी ठेवा. खरं सांगायचं तर नाही पाहिला तरी अडत नाही. त्यातला सूत्रधार २००८च्या ‘द इन्क्रेडिबल हल्क’मधून आलेला, समुद्रातला महाकाय देह २०२१च्या ‘इटर्नल्स’मधला, आयझेया ब्रॅडली हा म्हातारा सैनिक एका सहा भागांच्या मालिकेतला. ‘हल्क’मध्ये लष्करी अधिकारी असलेला रॉस इथे राष्ट्राध्यक्ष आहे; त्याची भूमिका करणारे विल्यम हर्ट २०२२मध्ये वारले, म्हणून तिथे हॅरिसन फोर्ड आले. सतरा वर्षांची उधारी एकाच चित्रपटाने फेडायची म्हटल्यावर नायकाच्या वाट्याला उरणार काय? आणि लाल हल्क, म्हणजे रॉसचंच राक्षसी रूप, जाहिरातीत, पोस्टरवर सगळीकडे दाखवून झाल्यावर कथेत तेच गुपित म्हणून राखलंय.

शेवटची मारामारी हल्ली सगळीकडे सारखीच, राखाडी आणि खोटी का वाटते? (मांजलपूर)

कारण बऱ्याचदा शूटिंगच्या दिवशी ती मारामारी नेमकी कुठे आणि कशी होणार हेच ठरलेलं नसतं. मागे कुठलंही दृश्य नंतर चिकटवता यावं म्हणून नटांवर सगळीकडून सारखा, सपाट उजेड टाकतात. मग मागे सूर्यास्त लावला तरी चेहऱ्यावर त्याची तिरीप नसते. पारख करायची असेल तर दोन गोष्टी बघा: सावली कुठल्या बाजूला पडतेय, आणि पाय टेकला की जमिनीला काही होतंय का. पटकथा मागाहून बदलली की जोडही दिसतात. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मधला साइडवाइंडर हा खलनायक फेरचित्रणात घातलेला आहे, त्याचे प्रसंग काढून टाका, कथा फारशी हलत नाही.

याउलट ‘थंडरबोल्ट्स’ बघा. येलेना सुरुवातीला उडी मारते ती इमारत क्वालालंपूरची मर्डेका ११८, उंची ६७८.९ मीटर, आणि उडी फ्लॉरेन्स प्यूने स्वतः मारलीय. तिथे पोटात खड्डा पडतो. शेवट तर त्याहून धीट आहे. बॉब, म्हणजे प्रयोगातून अफाट ताकद मिळालेला तरुण, आपल्याच काळ्या रूपाला बुकलत सुटतो आणि प्रत्येक ठोशागणिक अंधार त्यालाच गिळत जातो. म्हणजे मारून प्रश्न सुटतच नाही! अलीकडच्या सगळ्या शेवटांत हा मला उजवा वाटतो. ‘सुपरमॅन’चा शेवट (शहर दुभंगतं, इमारती कोसळतात) नेहमीचाच, त्यातला क्रिप्टो कुत्रा मात्र झकास.

थ्रीडीचे जास्त पैसे मोजले, पण चित्र काळपट दिसलं. दोष डोळ्यांचा की थिएटरचा? (कारेलीबाग)

डोळे ठीक आहेत. साध्या खेळासाठी पडद्यावरच्या उजेडाचं प्रमाण १४ फूट-लॅम्बर्ट (हे उजेड मोजायचं माप). थ्रीडीत प्रोजेक्टरपुढची काच आणि तुमचा चष्मा दोघं मिळून त्यातला बराच खातात. डोळ्यांपर्यंत चार-पाच पोचला तरी पुष्कळ. प्रोजेक्टरचा दिवा जुना असेल तर त्याहून कमी. हे चित्रपट बहुतेक साध्या कॅमेऱ्याने चित्रित करून मागाहून थ्रीडी केलेले असतात, तेव्हा साध्या खेळाला गेलात तर फारसं काही गमावत नाही. साधा खेळही अंधारलेला दिसला, तर थ्रीडीची काच काढायची राहिलेली असू शकते. पहिल्या दहा मिनिटांत व्यवस्थापकाला सांगा. मध्यंतरानंतर कोणी हलत नाही.

पडद्याच्या फक्त डाव्या-उजव्या कडेला काळ्या पट्ट्या दिसल्या तर भांडू नका. ‘सुपरमॅन’ १.८५ला १ या मापाचा आहे, २.३९च्या रुंद पडद्यावर त्या येणारच. चारही बाजूंनी चौकट दिसली, तर मात्र तक्रार करा.

आमच्याकडे आजी मराठी, सून गुजराती. दोघींना आपापल्या भाषेत बघता येईल असा एखादा? (रावपुरा)

‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ (२०२३). भारतात तो दहा भाषांत आला, त्यांत मराठीही आणि गुजरातीही. अर्थात दोघींना वेगवेगळ्या खेळांना पाठवावं लागलं असतं, ते सोडा. मुंबई आणि मॅनहॅटन यांचं मिश्रण असलेलं मुंबॅटन बघायला आजी बसतीलच. एक विनोद मात्र कुठल्याच भाषांतराला पुरता पेलणारा नाही: नायक माइल्स ‘चाय टी’ म्हणतो आणि मुंबॅटनचा स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर त्याला झापतो, की अरे, चाय म्हणजेच टी! ही चूक मुळात इंग्रजी बोलणाऱ्यांची.

नातवंडांना गंमत दाखवायची असेल तर आधीचा, २०१८चा भाग लावा. माइल्स नवशिका असतो तेव्हा त्याच्या हालचाली सेकंदाला २४ऐवजी १२ चित्रांवर चालतात, म्हणून तो अडखळतोय असं वाटतं. शेजारचा मुरलेला स्पायडर-मॅन पीटर २४वर सरसर पळतो.

आपल्याकडे असं काही होतंय का, की फक्त उसनवारी? (सयाजीगंज)

होतंय, आणि जोरात. मल्याळम ‘लोका: चॅप्टर १ चंद्रा’ (२०२५) केरळच्या कळ्ळियंकाट्टु नीली या यक्षिणीला आजच्या बंगळुरूत आणतो. हॉलिवूडच्या मानाने खर्च किरकोळ, पण रात्रीचे रंग बघा, कुठे सपाट उजेड नाही. उत्तरार्धात पुढच्या भागांची पेरणी जरा जास्त झालीय, हा रोग इथेही पोचला. माझी खरी पसंती अजूनही ‘मिन्नल मुरली’ला (२०२१). शिंपी असलेला नायक आणि गावाने हिणवलेला शिबू या दोघांवरही वीज पडते. त्या शिबूइतका जीव लावणारा खलनायक मार्व्हलला गेल्या पाच वर्षांत जमलेला नाही.

मुलगा पंधराचा आहे. ‘डेडपूल अँड वूल्व्हरिन’ थिएटरात परत लागला तर नेऊ का? (अलकापुरी)

नेता येणार नाही. ‘ए’ प्रमाणपत्र आहे, आई-बाप सोबत असले तरी अठराखालच्यांना प्रवेश नाही. यूए (पालकांच्या देखरेखीत बघायच्या) प्रमाणपत्रापुढचे ७, १३, १६ हे आकडे मात्र पालकांनी ठरवण्यासाठी असतात, दारावर अडवण्यासाठी नाहीत.

नामावली संपेपर्यंत बसायचं का? परतीची रिक्षा मिळत नाही. (मकरपुरा)

‘थंडरबोल्ट्स’ला बसाच, शेवटचा प्रसंग चांगला लांब आहे आणि पुढच्या कथेचा दुवा त्यातच आहे. ‘फँटास्टिक फोर’चा मधला प्रसंग बघून उठा, अगदी शेवटी नुसतं कार्टून आहे. ‘सुपरमॅन’चे दोन्ही प्रसंग गमतीचे, कथेशी संबंध नाही. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ला पहिल्या अक्षराबरोबर उठलात तरी चालेल, रिक्षा आधी पकडा.