बाईचा पगार कुणाच्या पगारातून वजा करायचा?

प्रश्न : मी नागपूरला बेसा भागात राहते. नोकरी मिहानमधल्या एका मोठ्या खासगी कंपनीत, हातात 36 हजार येतात. मिस्टरांच्या हातात 62 हजार. मोठा मुलगा पहिलीत आहे, धाकटी अकरा महिन्यांची. सासूबाई आमच्यासोबतच असतात, पण त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आहे. बाळामागे धावणं त्यांना होत नाही. बाळ सांभाळणाऱ्या मावशींना 11 हजार, स्वयंपाकाच्या बाईंना 4 हजार, मोठ्याच्या दुपारच्या पाळणाघराला 3 हजार, शाळेच्या व्हॅनला दीड हजार, माझ्या पेट्रोलला 3 हजार. साडेबावीस हजार असेच जातात. मिस्टर म्हणतात, उरलेल्या साडेतेरा हजारांसाठी एवढी ओढाताण कशाला? नोकरी सोड, तुझी सहा लाखांची एफडी आणि पीएफ घराच्या कर्जात भरू, एका पगारात भागेल. ते वाईट मनाने म्हणत नाहीत. मलाही वाटतं, धाकटी पहिलं पाऊल मावशींसमोरच टाकेल. यंदा तान्ह्या पोळ्याला मोठ्याचा लाकडी बैल सजवायला मी घरी नव्हते, ते अजून मनातून जात नाही. काय करू?

उत्तर : ताई, आधी माझं मत सांगतो, मग हिशेब. राजीनामा आज देऊ नका, आणि एफडी कर्जात मुळीच भरू नका. वर्षभराने तुम्ही नोकरी सोडायचं ठरवलंत तर मी विरोध करणार नाही. पण आज ज्या आकड्यावर हा निर्णय उभा आहे, तो आकडाच बरोबर नाही.

मावशींचे 11 हजार तुमच्या पगारातून वजा का केले? मूल दोघांचं आहे. मावशी येतात म्हणून तुम्ही मिहानला जाऊ शकता, तसेच तुमचे मिस्टरही निश्चिंतपणे कामावर जाऊ शकतात. सासूबाईंना दुपारी डोळा लागतो तोही त्यांच्याच भरवशावर. व्हॅन मुलाची, स्वयंपाक सहा जणांचा नसेल पण पाच जणांचा तरी आहेच. हे सगळं एकट्या आईच्या पगाराच्या नावावर लिहिलं की कोणत्याही बाईची नोकरी तोट्यातच दिसेल. मी हे फार घरांमध्ये पाहतो आणि मला त्याचं दर वेळी वाईट वाटतं, कारण त्या वजाबाकीत बाई स्वतःच स्वतःला कमी लेखायला लागते. घराचं उत्पन्न 98 हजार आहे. साडेबावीस हजार त्यातून जातात. हिशेब इथून सुरू करा.

आता नोकरी सोडल्यावर खरोखर काय वाचेल ते पाहू. मावशींचे 11, पाळणाघराचे 3 आणि पेट्रोलचे 3, असे 17 हजार. व्हॅन राहीलच. स्वयंपाकाच्या बाईही राहू द्या, असं मी आग्रहाने म्हणेन. रांगतं बाळ, पहिलीतला मुलगा आणि गुडघ्यांनी बसलेल्या सासूबाई असताना तुम्ही घरी आहात म्हणून दोन वेळचा ओटाही तुमच्याच अंगावर आला, तर ज्या निवांत वेळेसाठी नोकरी सोडायची तोच मिळणार नाही. दुसरीकडे जाणारे पैसे फक्त 36 हजार नाहीत. तुमची बेसिक 20 हजार आहे, म्हणजे दरमहा तुमचे 2,400 आणि कंपनीचे 2,400 भविष्य निर्वाह निधीकडे जातात (कंपनीच्या वाट्यातले 1,250 पेन्शन खात्यात). ते हातात येत नाहीत म्हणून मोजले गेले नाहीत. एकूण जाणार 40,800, वाचणार 17 हजार. महिन्याची खरी तूट 23,800 रुपये आहे, साडेतेरा हजार नाही. तीन वर्षं घरी राहिलात तर साडेआठ लाखांच्या वर. त्यात पगारवाढ धरलेली नाही, आणि तीन वर्षांनी परत नोकरी शोधताना कोणत्या पगारावर सुरुवात होईल तेही नाही.

शिवाय मावशींचा खर्च कायमचा नाही. धाकटी तीन वर्षांची होऊन नर्सरीत गेली की तो निम्म्याहून खाली येईल. दोन वर्षांच्या खर्चासाठी पुढची पंचवीस वर्षांची कमाई मोडायची का, असा हा प्रश्न आहे.

एका पगाराचं घर कसं दिसेल तेही तुम्ही पाठवलेल्या तक्त्यावरून मांडलं. 62 हजारांतून कर्जाचा हप्ता 24,300 गेला की 37,700 राहतात. किराणा, दूध, शाळेची फी, विजेचं बिल, सासूबाईंची औषधं मिळून तुम्ही 32 हजार लिहिले आहेत. त्यात स्वयंपाकाच्या बाई आणि व्हॅनचे साडेपाच हजार धरा. शिल्लक 200 रुपये. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलर दिवसरात्र चालतो, बाळासाठी एका खोलीत एसी लागतो, तेव्हा या 200 रुपयांचं काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको. महालक्ष्म्या, लग्नकार्यं, मुलांचा ताप, यांतलं काहीच मी धरलेलं नाही.

तुमच्या तक्त्यात सगळ्यात खाली एक छोटी ओळ आहे: 'मेडिक्लेम 3 लाख, माझ्या कंपनीचा, सासूबाईंसकट.' ताई, माझ्या दृष्टीने ही तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. तुम्ही राजीनामा दिलात की हे संरक्षण संपतं. सासूबाई 64 वर्षांच्या, गुडघ्यांचं ऑपरेशन आधीच सुचवलेलं. आज बाहेरून त्यांची नवी पॉलिसी घेतली तर आधीपासून असलेल्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि गुडघेबदलासारख्या शस्त्रक्रियांना बहुतेक कंपन्या वेगळा प्रतीक्षाकाळ लावतात. 70 वर्षांवरच्यांसाठीचं केंद्राचं आयुष्मान कार्ड त्यांना मिळायला अजून सहा वर्षं आहेत. खासगी रुग्णालयात एका गुडघ्याला दीड-दोन लाख सहज लागतात. म्हणजे घरी येऊन पहिल्याच वर्षी तुमची एफडी तिकडे जाण्याची शक्यता मोठी आहे, आणि ती तर तोवर कर्जात भरलेली असेल.

म्हणून या आठवड्यात एवढं करा: ऑफिसमधून पॉलिसीची पूर्ण प्रत मागवा. गुडघेबदलाला मर्यादा किती, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात का, पालकांच्या दाव्यात काही टक्के आपल्याला भरावे लागतात का, हे तीन मुद्दे लेखी विचारा. उत्तर अनुकूल आलं तर दिवाळीनंतर, थंडीत ऑपरेशन उरकून घ्या. नागपूरच्या उन्हाळ्यात जखम आणि व्यायाम दोन्ही सांभाळणं वयस्कर माणसाला फार जड जातं. सासूबाई नीट चालायला लागल्या तर त्यांचा त्रास तर कमी होईलच, दुपारी नातीजवळ बसणंही त्यांना जमेल. बाळ उचलायला मात्र त्यांना लावू नका.

ग्रॅच्युइटीकडे, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशांकडे, तुमचं लक्षच गेलेलं नाही. या कंपनीत तुम्हाला चार वर्षं तीन महिने झालेत. कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण झाली की हक्क लागतो, आणि बाळंतपणाची पगारी रजा सेवेत धरली जाते. हिशेब असा: बेसिक 20 हजार भागिले 26, गुणिले 15, गुणिले पाच वर्षं, म्हणजे सुमारे 57,700 रुपये. नऊ महिने थांबलात तर हे तुमचे आहेत.

पीएफ तर अजिबात काढू नका. आधीच्या नोकरीतली तीन वर्षं वेगळ्या खात्यात पडून आहेत असं तुम्ही लिहिलंय. ती ऑनलाइन याच खात्यात वर्ग करून घ्या. पाच वर्षं सलग न होता पैसे काढले तर कर लागू शकतो, वर्ग केल्यावर आधीची सेवा त्यात मोजली जाते. दोन्ही मिळून तुमची सव्वासात वर्षं होतात. पेन्शनचा हक्क दहा वर्षांवर आहे. आणि 2024-25 साठी पीएफवर 8.25 टक्के व्याज मिळालं. साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडायला तो मोडून हाती काय लागणार?

आता कर्ज. 28 लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के, तीन वर्षं फेडून झालेली. बाकी साधारण 26 लाख 17 हजार असणार. त्यात सहा लाख भरले आणि बँकेला काही सांगितलं नाही, तर बँक सहसा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते. कर्ज साडेसहा वर्षं आधी फिटेल हे खरं, पण पुढच्या महिन्यात हप्ता 24,300च जाईल. पगार एकच असताना त्याचा उपयोग शून्य. हप्ता कमी करून मागितलात तर तो 18,700 च्या आसपास येईल. म्हणजे सहा लाख कायमचे देऊन महिन्याला साडेपाच हजारांची सोय. आणि त्या दिवसापासून घरात अडीअडचणीला एक रुपया बाजूला नाही. तुमचा महिन्याचा एकूण खर्च एका पगारावर सुमारे 62 हजार आहे. सहा महिन्यांचे पावणेचार लाख हाताशी असायलाच हवेत. सहा लाखांतले चार लाख त्यासाठीच ठेवा, दोन-तीन एफड्यांमध्ये विभागून, म्हणजे गरजेला सगळी मोडावी लागणार नाही.

त्याऐवजी मिस्टरांनी एक काम करावं. 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते) 6.5 वरून 5.25 टक्क्यांवर आणला. तुमचं कर्ज अजून साडेआठवर असेल तर त्या कपातीचा फायदा तुम्हाला मिळालेला दिसत नाही. बँकेत जाऊन दर कोणत्या पद्धतीचा आहे ते विचारा, आणि तो कमी करून किंवा रेपोशी जोडलेल्या दरावर बदलून मागा. थोडं शुल्क लागेल. बँक ऐकत नसेल तर दुसऱ्या बँकेचा दर लेखी घेऊन पुन्हा जा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड व्यक्तींना लागत नाही. समजा दर साडेसातवर आला, तर हप्ता 22,700 च्या जवळ येतो. तुमची एफडी न मोडता महिन्याला दीड हजार वाचले.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना मला थोडं जपून लिहावं लागतंय. फ्लॅट एकट्या मिस्टरांच्या नावावर आहे. एफडीत तुमच्या लग्नातला आहेर आणि तुमच्या पगारातली बचत आहे. उद्या काही बिनसेल असं मी सुचवत नाही. पण तुमचा पैसा ज्या घरात जाईल त्या घराच्या कागदावर तुमचं नाव असावं, ही साधी आणि न्याय्य अपेक्षा आहे. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. कर्ज चालू असल्याने बँकेची संमती लागेल. हे बोलणं चिडून नको, रविवारी सकाळी पोहे खाताना करा, सासूबाईंच्या देखत केलंत तरी चालेल.

राहिलं ते पहिलं पाऊल. ते कोणत्याही तक्त्यात बसत नाही आणि मी ते बसवणारही नाही. बाळाजवळ असावंसं वाटणं यात काहीच चूक नाही. त्यासाठी पैसे कमी पडले तरी चालतील असं एखाद्या आईने ठरवलं तर तो तिचा हक्क आहे. फक्त नोकरी आणि राजीनामा यांच्या मध्ये बऱ्याच जागा आहेत, त्या आधी तपासा. प्रसूतिलाभ कायद्यात 2017 ला दुरुस्ती झाली. 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा देणं बंधनकारक झालं. तुमची कंपनी मोठी आहे, तरी तुमच्या पत्रात कंपनीच्या पाळणाघराचा उल्लेखच नाही. एचआरला लेखी विचारा. कामाचं स्वरूप जमत असेल तर रजेनंतर घरून काम करण्याबद्दल मालकाशी ठरवून घेण्याची तरतूदही त्याच दुरुस्तीत होती. नोव्हेंबर 2025 पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. आठवड्यातले दोन दिवस घरून मिळाले तरी जाण्यायेण्याचा वेळ वाचेल. तेही नाही जमलं तर सासूबाईंच्या ऑपरेशनला जोडून दोन महिन्यांची बिनपगारी रजा मागा. साधारण 72 हजारांचा तोटा होईल. तो सहा लाखांतल्या सुट्या दोन लाखांतून भरा आणि मनात अपराधी वाटून घेऊ नका. अशा वेळेसाठीच ते पैसे आहेत. रजेत पीएफ आणि मेडिक्लेम चालू राहतो का, हे आधी विचारून घ्या. आणि पुढच्या तान्ह्या पोळ्याची रजा आजच टाका.

ग्रॅच्युइटी लागून, ऑपरेशन होऊनही तुम्हाला घरीच राहावंसं वाटलं, तर सोडा. पण त्याआधी मिस्टरांचा किमान एक कोटीचा मुदत विमा हवा, कारण दोन लहान मुलं आणि 26 लाखांचं कर्ज तेव्हा एकाच माणसावर असेल. कुटुंबाचा स्वतःचा आरोग्य विमा नोकरी असतानाच घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. कंपनीच्या गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, तेही शेवटच्या दिवसाची वाट न पाहता विचारा. आणि दर महिन्याच्या एक तारखेला मिस्टरांच्या खात्यातून ठरलेली रक्कम तुमच्या खात्यात यावी, न मागता. घरखर्चाची नाही, तुमच्या बचतीची. आज पाच हजार जमत नसतील तर दोन हजार. धाकटीच्या नावाने सुकन्या खातं मात्र आताच उघडा, वर्षाला 250 रुपयांपासून चालतं.

मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या. त्यांना घर सुटसुटीत करायचंय, त्यात त्यांचं काही चुकत नाही. तुमची एफडी डिसेंबरमध्ये संपते आहे. बँकेत आपोआप नूतनीकरणाची सूचना असेल तर ती आधी काढा, म्हणजे चार लाखांचे भाग तुम्हाला हवे तसे करता येतील. पॉलिसीची प्रत आली की मला पाठवा, गुडघ्यांचं कलम आपण एकत्र वाचू.