फोटो नकोत, पासबुकं गोळा कर
चि. मुली, अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या बाईबरोबर तुझ्या नवऱ्याचे फोटो काढायला तुझे भाऊ त्याच्या मागावर कोल्हापुरात लॉजबाहेर उभे राहतात, हे वाचून मला काळजी वाटली. त्यांचा राग खरा आहे. पण त्या फोटोंमुळे पोटगी दुप्पट होईल, ही समजूत आजच काढून टाका.

व्यभिचाराचा दंड म्हणून जादा रक्कम देणारं कलम आपल्याकडं नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात तो घटस्फोटाचा आधार आहे, आणि लग्नानंतरचा एक प्रसंग सिद्ध झाला तरी पुरतो. गुन्हा मात्र तो २०१८ पासून राहिलेला नाही, सुप्रीम कोर्टानं भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ रद्द केलं. ‘आत घालतो’ ही धमकी भावांनी सोडावी. कायमची पोटगी ठरवताना कोर्ट दोघांचं उत्पन्न, मालमत्ता आणि वागणूक पाहतं. त्यात वागणूक मोजली जाते, पण आकडा ठरतो तो पैशाच्या कागदांवर.

म्हणून त्या प्रकरणाकडं पैशाच्या नजरेनं बघ. दुसऱ्या खोलीचं भाडं, त्या बाईला पाठवलेल्या रकमा, तिच्यासाठी काढलेला मोबाईलचा हप्ता. ‘माझ्याकडं काही नाही’ म्हणणारा माणूस हे कुठून भागवतो, याचं उत्तर त्याला द्यावं लागेल. सुप्रीम कोर्टाच्या २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. अर्ज लांबवलास तर तेवढे महिने तुझेच बुडतील. पगाराची स्लिप, कर्जाचे हप्ते, शेतीचा उतारा, जे हाताला लागेल ते जमव. त्याच्या वडिलोपार्जित जमिनीत बायको म्हणून तुला वाटा नाही, पण तुझ्या लेकीला २००५च्या दुरुस्तीनं जन्मतःच हक्क आहे. तडजोडीत तो कुणालाही सोडू देऊ नकोस.

दागिन्यांचंही तेच. गंठण, पाटल्या, बोरमाळ हे तुझं स्त्रीधन आहे, पोटगीत धरायचं नाही. लग्नाच्या अल्बममधून यादी कर.

एक गोष्ट मला मनापासून अन्यायाची वाटते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ची, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ची पोटगी, बायको व्यभिचारात राहत असेल तर बंद होते. त्याचा वकील तुझ्यावर असा आरोप टाकणार, हे गृहीत धर. खचू नकोस. कधीकाळची एखादी घटना पुरत नाही, सतत तसं राहणं सिद्ध करावं लागतं, असं हायकोर्टांनी वारंवार सांगितलंय.

आता दावा कुठं? तू बेळगावच्या शहापुरात माहेरी राहतेस, आणि बायकोला आपण राहतो तिथं अर्ज करता येतो. बेळगावातच कर, आणि लवकर कर. त्यानं आधी कोल्हापुरात केस टाकली, तर ती इकडं आणायला सुप्रीम कोर्टातच जावं लागतं, कारण राज्य बदलतं. सीमेवरच्या किती मुली केवळ या एका कारणानं तारखांना दमून सह्या करून मोकळ्या होतात! कामकाज कन्नडमध्ये असेल, तेव्हा मराठी कागदांची भाषांतरं आधीच करून घे. वकिलाची फी नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडं जा, बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

सोमवारी पासबुकं आणि अल्बम घेऊन ये. भावांनाही आण, मी बोलते त्यांच्याशी.

तुझी,
वकील मावशी