शुगरच्या पेशंटच्या पायाच्या जखमेवर ‘चांगले जंतू’ लावले तर जखम लवकर भरते का?

प्रश्नकर्त्याचे वडील नवरात्रात अनवाणी तुळजापूरला गेले, तळव्याला फोड आला, त्याची जखम झाली. शुगर आहे. स्वॅबमध्ये, म्हणजे जखमेवर कापसाची काडी फिरवून घेतलेल्या नमुन्यात, स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू निघाला. आता दही लावू की प्रोबायोटिक (‘चांगल्या जंतूं’चं) क्रीम, असं विचारलंय.

दही लावू नका. दह्यातले जंतू कातडीवर राहणारे नव्हेत, आणि घरच्या विरजणात आणखी काय काय वाढतं त्याचा भरवसा नाही. प्रोबायोटिक क्रीमही अशा जखमेचा ठरलेला उपचार नाही.

चांगल्या जंतूंवरचं संशोधन मात्र खोटं नाही. कातडीवरचा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस जखमेतली नको तितकी सूज आवरतो, असं 2009 साली दिसलं. हाच जंतू एका खास जातीच्या टी-पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी) जाग्या करतो आणि त्यामुळे जखम लवकर मिटते, हे 2018 मध्ये उंदरांत दिसलं. पण 2014 मध्ये अंगावर एकही जंतू नसलेल्या उंदरांच्या जखमा उलट लवकर भरल्या आणि मागे राहणारी खूणही कमी होती. यावरून कुणी क्रीम विकत असेल तर विकू द्या, तुम्ही घेऊ नका.

तुमच्या रिपोर्टला लागू पडणारी गोष्ट वेगळीच आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने 2019 मध्ये शुगरच्या पायाच्या जखमांतला डीएनए तपासला. स्टॅफ ऑरियस भरणाऱ्या जखमेत होता, न भरणाऱ्या जखमेतही होता. फरक उपप्रकारात होता, आणि साध्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत) तो कळत नाही. म्हणजे नाव छापून आलं एवढ्यावर अँटिबायोटिक लिहिणं चूक. हे लिहून लिहून हात दुखले, तरी तालुक्याच्या ठिकाणी तेच चालू आहे.

मुळात स्वॅब घेतात कसा? पट्टी सोडली की वरचा पू कापसाला पुसायचा, कोरडीच नळी बंद करायची आणि एसटीने जिल्ह्याला पाठवायची. मे महिन्यात त्या पिशवीत ऑक्सिजन न सोसणारे जंतू मरतात, स्ट्रेप्टोकोकस हा जंतू दम सोडतो, स्यूडोमोनास हा दुसरा जंतू मजेत वाढतो. रिपोर्ट त्या प्रवासाचा येतो, जखमेचा नाही. दवाखान्यात नीट घ्यायचा तर आधी मेलेली कातडी काढा, सलाईनने धुवा, मग ताज्या लाल मांसावर साधारण 1 चौरस सेंमी जागेत स्वॅब दाबून 5 सेकंद फिरवा, आतला द्रव वर यायला हवा. लगेच एमीज माध्यमात (जंतू प्रवासात टिकवणाऱ्या नळीत) घाला आणि उन्हात ठेवू नका. याहून चांगलं म्हणजे सर्जनने खरवडून दिलेला मांसाचा तुकडा. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर, पू-पेशी नाहीत, नुसत्या कातडीच्या चपट्या पेशी दिसतायत, तर तो नमुना टाकून दुसरा मागायचा.

आणि हे सगळं इन्फेक्शन दिसत असेल तरच. सूज, कडेने अर्ध्या सेंमीपेक्षा जास्त लाली, दुखणं, गरमपणा, पू, यांतली किमान दोन हवीत. नसतील तर स्वॅबही नको, गोळ्याही नकोत.

जखम भरते ती तिच्यावरचा भार काढल्यावर. शुगरने पाय बधिर झाला की दुखत नाही, म्हणून वडील चालत राहणार, तिथेच घोळ आहे. टोटल कॉन्टॅक्ट कास्ट (जखमेवरचा भार काढणारं, पायाला घट्ट बसणारं प्लास्टर) बसवून मिळत असेल तर उत्तम, नाहीतर सर्जन सांगेल तसा बूट, आणि घरातसुद्धा अनवाणी बंद. धुवायला सलाईन. हायड्रोजन पेरॉक्साईडचा फेस रोज ओतला तर नवी कातडी विणणाऱ्या पेशीच मरतात. हळद, तंबाखू, चुना काही नको.

एक राहिलं. लाली 2 सेंमीच्या पुढे गेली, ताप आला, कड काळी पडली किंवा तळाशी हाड लागलं, तर वरचं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. पायाला रक्त कमी पोचत असेल तर लाली नीट दिसतही नाही, म्हणून पायाच्या नाड्या आताच तपासून घ्या. लागत नसतील तर डॉप्लर (रक्तप्रवाहाची तपासणी) करा.