बोटं वळतात, चेहरा वळत नाही

“आता या वयात जमेल का?” कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेचे दुभाषी व्हायचं मनात घेऊन चाळिशीपुढची माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा पहिलं वाक्य हेच असतं. त्यांतल्याच एका ताईंची ही हकीकत, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. वय ४६, बँकेच्या काउंटरवर २२ वर्षं.

“बोटं वळत नाहीत हो आता.”

“मुळाक्षरं आली?”

“ती आली, दोन आठवड्यांत.”

“मग अडलं कुठे?”

बराच वेळ त्या गप्प. “आमचे सर कर्णबधिर आहेत. एकच प्रश्न त्यांनी तीनदा करायला लावला. शेवटी फळ्यावर लिहिलं, ‘चेहरा बंद आहे.’”

भारतीय सांकेतिक भाषेत ‘तुम्ही जेवलात’ आणि ‘तुम्ही जेवलात का?’ यांत हात तेच राहू शकतात. प्रश्न होतो तो वर चढलेल्या भुवयांनी. तिथे चेहरा म्हणजे व्याकरण. चौथ्या भेटीत ताई आपणहून म्हणाल्या, “काउंटरवर चेहरा हलला की भांडण. मी तो बंद ठेवायलाच शिकले.” हे मला आधीच दिसलं होतं, पण ते त्यांनीच म्हणावं म्हणून मी थांबले. त्या थांबण्याचं समाधान आजही आहे. वयावर खापर फोडणं सोपं होतं; खरी भीती होती चारचौघांत वेडंवाकडं दिसण्याची. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी, म्हणजे भावनेमागचा विचार तपासून बदलायला लावणारी. अशा भीतीला नुसता धीर देऊन भागत नाही, तिच्यासमोर जाऊन उभं राहावं लागतं.

गृहपाठ दिला: रोज दोन मिनिटं हात मांडीवर ठेवून फक्त चेहऱ्याने प्रश्न, नकार, शंका. मोबाइलवर चित्रण करायचं आणि ते कर्णबधिर ओळखीच्यांना दाखवून “कुठे चुकलं?” विचारायचं. पहिल्या आठवड्यात ताईंनी एकही चित्रफीत कुणाला दाखवली नाही. दुसऱ्या आठवड्यात एक दाखवली.

उशिरा शिकणाऱ्यांची दुसरी चूक म्हणजे मराठीचा शब्दागणिक अनुवाद. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो: ‘मी त्या दिवशी तिथे गेलो नव्हतो.’ ‘गेलो’ ऐकताच हात हलवले, तर ते परत घ्यावे लागतात. अर्थ पुरा होईपर्यंत थांबण्याची सवय हवी. हे काम मेंदूला दमवतं, म्हणून मोठ्या कार्यक्रमात दोघं दुभाषी असतात आणि साधारण वीस-वीस मिनिटांनी बदलतात. कपडे साधे आणि त्वचेहून वेगळ्या रंगाचे, हात उठून दिसतील असे.

वयाचा फायदाही आहे. वारसनोंद, केवायसी, मुदतठेव ताईंना समजावून सांगावी लागत नाही. मात्र तिथेच मोह असतो. ग्राहक चुकीच्या जागी सही करत असला, तरी दुभाष्याने स्वतःचा सल्ला मध्ये घालायचा नाही. बोललं गेलं तेवढंच पोचवायचं. ताईंना हे सर्वांत जड गेलं.

नोकरी लगेच सोडू नका, असं मी सगळ्यांनाच सांगते. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली दुभाषी पदविका दोन वर्षांची आहे. तिच्याआधी प्राथमिक वर्ग करा आणि आठवड्यातून एकदा तरी कर्णबधिरांच्या गप्पांत बसा. २०२१ साली दहा हजार शब्दांपर्यंत पोचलेला सरकारी चित्रफीत-कोश हाताशी ठेवा, पण नुसता कोश पाहून ही भाषा येत नाही.

परवा सरांनी ताईंना तोच जुना प्रश्न करायला लावला. एकदाच.