तैवानमध्ये वकिलीतून स्थानिक राजकारणात आलेलं ठळक नाव कोणतं?

माझ्या मते सू चेन-चांग. जन्म 1947चा, दक्षिणेकडच्या पिंगतुंगचा. तैवान विद्यापीठातून कायदा शिकले, वकिली चांगली चालली होती. मग 10 डिसेंबर 1979ला, मानवी हक्क दिनी, काओश्युंगमधला मोर्चा चिरडला गेला आणि विरोधी नेत्यांवर लष्करी न्यायालयात खटला उभा राहिला. राजद्रोहाच्या त्या आरोपाला फाशीचीही शिक्षा होती. मार्शल लॉच्या, म्हणजे लष्करी कायद्याच्या काळात अशांचं वकीलपत्र घेणं म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणं, तरी सू बचावाला उभे राहिले. मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत हेच सर्वांत मोठं वाटतं. त्याच खटल्यात बचावाचे वकील असलेले चेन श्वी-ब्येन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, म्हणजे वकिलांची एक पिढीच तिथून राजकारणात आली.

1981मध्ये सू प्रांतिक विधानसभेवर निवडून आले. 1986मध्ये, पक्ष काढायला बंदी असतानाच, डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टीच्या स्थापनेत ते होते. 1989मध्ये पिंगतुंगचे काउंटी (जिल्हा) प्रमुख झाले, 1993ला हरले, पण खचले नाहीत. 1997मध्ये थेट तैपेई काउंटी जिंकली, 2001ला पुन्हा. आजचं न्यू तैपेई ते हेच.

पुढे दोनदा पंतप्रधान. 2020मध्ये टॉयलेट पेपरचा तुटवडा पडणार अशी अफवा उठली, तेव्हा त्यांनी स्वतःचंच पाठमोरं व्यंगचित्र टाकून लोकांना सांगितलं, बूड प्रत्येकाला एकच असतं, साठा कशाला करता!