जुन्या रहस्यकथा शोधताना

मुंबईत जुनी पुस्तकं शोधायला फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळच्या आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जरूर जा, पण तिथे ढीग बहुतेक इंग्रजी थ्रिलरचे. मराठी रहस्यकथा, भयकथा हव्या असतील तर दादर, गिरगाव, पार्ल्याचे रद्दीवाले गाठ. दिवाळीआधीचे पंधरा दिवस तर सोडूच नकोस, घरोघरचे माळे तेव्हाच रिकामे होतात. रद्दीवाल्याकडे फोन नंबर देऊन ठेव, नाहीतर गठ्ठा थेट लगद्याला जातो.

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, तरी आज एखादी जुनी प्रत मिळणं कठीण. स्वस्त कागद, त्यात वाचनालयांतून कितीतरी हातांत फिरलेल्या. म्हणून पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान बघ. मग पानांचे आकडे सलग आहेत का ते तपास. शिवण सैल झाली की १६ पानांचा अख्खा फॉर्मा गळतो. मी घाईत घेतलेल्या एका प्रतीत शेवटचे दोन फॉर्मे नव्हते, त्याची चुटपुट अजून आहे.

वाचनालयाचा शिक्का दिसला म्हणून पुस्तक बाजूला टाकू नकोस. वाचनालयाने केलेल्या पुठ्ठ्याच्या बांधणीमुळेच ते टिकलेलं असतं, आणि मला तर ते शिक्के फार आवडतात. पावसाळ्यात घेतलेलं पुस्तक मात्र लगेच कपाटात नको. दोन दिवस पंख्याखाली उघडं ठेव, कसर झटक.