इंग्रजी बेताचं असेल तर माणूस आणि परग्रहवासी यांच्या प्रेमकथा कुठून वाचायला घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात राहता, शिक्षण मराठी माध्यमातून झालं, इंग्रजी पेपर वाचता येतो. रील्समध्ये निळ्या अंगाचा, शिंगवाला नायक बघून एक कादंबरी घेतलीत आणि तीस-चाळीस पानांत सोडलीत. दोष इंग्रजीचा असेल असं मला वाटत नाही. सुरुवात चुकीच्या पुस्तकाने झाली.

ते पुस्तक बहुतेक रुबी डिक्सनचं 'आइस प्लॅनेट बार्बेरियन्स' असणार. 2015 मध्ये तिने ते स्वतःच भागाभागांनी काढलं, मोठ्या प्रकाशकाची छापील आवृत्ती 2021 मध्ये आली. पळवून नेलेल्या बायका एका बर्फाळ ग्रहावर येऊन पडतात. सुरुवातीलाच अपहरण आणि अत्याचार आहे, आणि रीलमध्ये ते कोणी सांगत नाही. पुढे तिथे जगायचं तर 'खुई' नावाचा जीव अंगात घ्यावा लागतो, आणि जोडीदार समोर आला की हा जीव छातीत घुमायला लागतो. म्हणजे पत्रिका जुळवायचं काम खुई करते, भटजींची गरज नाही! अशा जोडीला 'फेटेड मेट्स' म्हणतात. हा शब्द दिसला की समजायचं, प्रेम जुळेल का हा प्रश्नच त्या पुस्तकात नाही. जुळल्यावर दोघं काय करतात एवढंच बघायचं.

पुस्तक घ्यायच्या आधी एकच गोष्ट तपासा: या दोघांना एकमेकांचं बोलणं कसं कळतं? लेखकाने डोकं किती चालवलंय ते तिथेच दिसतं. कानात भाषांतराची चिप बसवली आणि तिसऱ्या पानापासून दोघं फाडफाड बोलायला लागले, तर तो नायक परग्रहावरचा नाही, रंग लावलेला माणूस आहे. करमणूक होईल, पण नवं काही हाती लागणार नाही. अर्थात चिपसुद्धा चांगली वापरता येते. अ‍ॅन अ‍ॅगिरेच्या 'स्ट्रेंज लव्ह'मध्ये (2020) किड्यासारखं कवच असलेला नायक ठरलेली वधू आणायला निघतो आणि चुकून भलतीलाच, तिच्या कुत्र्यासकट, उचलून आणतो. चिप कुत्र्यालाही बसते आणि तोही बोलायला लागतो. हलकंफुलकं हवं असेल तर सुरुवात इथून करा. शृंगार मात्र उघड आहे, घरातल्या सामाईक टॅबवर घेऊ नका.

माझी पहिली पसंती बेकी चेंबर्सच्या 'द लाँग वे टू अ स्मॉल, अँग्री प्लॅनेट'ला (2014). वाक्यं छोटी, इंग्रजी सरळ. अंतराळयानावरची रोझमेरी माणूस, तर सिसिक्स सरड्याच्या जातीची, डोक्यावर पिसं असलेली. दोघीही बाई. सिसिक्सच्या लोकांत कुटुंबं तीन प्रकारची असतात: अंड्यातून बाहेर आलात ते एक, सोबतीचं दुसरं, पोरं वाढवायचं तिसरं. त्यामुळे 'आपण दोघी' म्हणताना दोघींच्या मनातला अर्थ वेगळा असतो. त्याच यानाच्या कप्तानाची प्रेयसी अशा जातीची आहे की तिचे लोक गालांवरच्या रंगांनी बोलतात. आवाजासाठी तिने घशात यंत्र बसवून घेतलंय. भाषेची कसोटी म्हणतोय ती ही.

या पुस्तकात अडकायला होतं ते पहिल्या पन्नास पानांत, कारण पात्रं एकदम येतात. एक चिठ्ठी ठेवा: नाव, जात, यानावरचं काम. आठ-नऊ ओळींत संपतं. जातीची, ग्रहांची नावं डिक्शनरीत शोधत बसू नका, ती बनवलेली आहेत. तिसऱ्यांदा शब्द आला की संदर्भातून आपोआप उमगतो. बाकीच्या शब्दांसाठी किंडलवर बोट दाबून धरलं की अर्थ येतो, पण पानाला तीन-चारपेक्षा जास्त शब्द शोधायला लागले तर पुस्तक बदला. एखादी कादंबरी 85 हजार शब्दांची धरली आणि वाचायचा वेग मिनिटाला 150 शब्द, तर साडेनऊ तास लागतात. रोज अर्धा तास दिलात तर तीन आठवडे.

महाद्वार रोडवरच्या दुकानांत यातली बरीच पुस्तकं मिळणार नाहीत, आणि ई-आवृत्तीही बऱ्याचदा अ‍ॅमेझॉनवरच मिळेल. स्वतः प्रकाशित करणारे लेखक किंडल अनलिमिटेडमध्ये, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या वर्गणीच्या योजनेत, पुस्तक ठेवतात तेव्हा ई-आवृत्ती निदान 90 दिवस दुसरीकडे विकायची नाही अशी अट असते. तेव्हा आधी मोफत नमुना उतरवा. तो साधारण पहिल्या 10 टक्क्यांचा असतो, भाषेची कसोटी त्यात बहुधा उरकते. पहिल्या पानांवर अत्याचारासारख्या प्रसंगांबद्दल लेखकाने दिलेला इशारा असेल तर तोही तिथेच दिसतो. पुस्तकाच्या वर्णनात आणखी दोन शब्द दिसतील: 'क्लोज्ड डोअर' म्हणजे शृंगाराच्या वेळी दार बंद, 'स्लो बर्न' म्हणजे निम्मं पुस्तक नुसतं बघण्यातच जातं.

ऑक्टाव्हिया बटलरचं 'डॉन' (1987) कोणी प्रेमकथा म्हणून सुचवलं तर थांबा. थोर पुस्तक आहे, पण त्यातले परग्रहवासी, ओआनकाली, माणसाच्या शरीरावर आणि मनावर इतका ताबा मिळवतात की होकार म्हणायचं कशाला, हाच प्रश्न उरतो. 'शेवट गोड' या अपेक्षेने गेलात तर फसाल.

उर्सुला ल ग्विनचं 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (1969) चौथं-पाचवं म्हणून घ्या. तिथले लोक एरवी ना स्त्री ना पुरुष. 26 ते 28 दिवसांच्या चक्रात थोडेच दिवस दोन्हींपैकी एक होतात. पृथ्वीवरून गेलेला जेन्ली त्या सगळ्यांना 'तो' म्हणतो आणि तिथेच त्याची समजूत चुकत जाते. इंग्रजी वाचकाला हे मुद्दाम समजावून द्यावं लागतं. आपल्या कोल्हापुरात बायका सर्रास 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात आणि पुण्याचा पाहुणा दचकतो, त्यामुळे तुम्हाला तो गोंधळ लवकर कळेल.

मराठीत नेमका हा प्रकार मला जवळपास दिसत नाही. विज्ञानकथा मात्र भरपूर: कोल्हापुरातच जन्मलेले जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर. करवीर नगर वाचन मंदिरात, 1850 पासूनचं आहे ते, 'विज्ञानकथा' म्हणूनच विचारा. 'प्रेमकथा' म्हणालात तर वेगळ्याच कपाटापाशी नेतील.